बाबांच्या घरचं नेट जायचं तेव्हा

परवा गच्चीवरून कूलर खाली आणला. मिलिंदनं एक बाजू धरली, मी दुसरी, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकमेकांवर खेकसत आम्ही तो हॉलच्या खिडकीत बसवला. इतकी वर्षं नवरा-बायको असून आम्हाला अजून एकत्र कूलर उचलता येत नाही. टाकीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर धरला होता. तो घासून काढला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पंप चालू केला. पहिल्या झोताबरोबर तो ओलसर, मातकट, जरासा गवताचा वास घरभर झाला. त्या वासानं बाकीच्यांना आंबे आठवत असतील, शाळेच्या सुट्ट्या आठवत असतील. मला बाबांच्या घरचा राउटर आठवतो. आणि राउटर आठवला की माझ्या भावाचा हेवा वाटायला लागतो.

हे मी लपवत नाही. माझा स्वभाव जळका आहे, हे आईच तोंडावर सांगायची. राहुल माझ्याहून लहान. तो शाळेत जायला लागला तेव्हा त्याला दोन कप्प्यांचं दप्तर आणलं. माझ्या दप्तराला एकच कप्पा होता. मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. "भाऊच हाय ना गं तुझा, किती जळशील?" असं आई म्हणाली होती, आणि मला त्या वयातही वाटलं होतं की भाऊ आहे म्हणूनच तर जळतेय, शेजारच्या पोराच्या दप्तराला चार कप्पे असते तरी मला काय फरक पडणार होता? पुढं केस पिकायला लागले. आता मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. हेवा, मत्सर आणि असूया यांतला फरक पोरांना फळ्यावर व्यवस्थित लिहून देते. आतल्या आत मात्र तिन्हींचं एकच गाठोडं आहे, आणि ते उन्हाळ्यात सुटतं.

बाबा गंगापूरला हायस्कुलात मास्तर होते. निवृत्त झाल्यावर शहरात आले आणि हडको वसाहतीतल्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांनी अभ्यासिका काढली. वर स्वतः राहायचं, खाली पोरांनी अभ्यास करायचा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली प्लायवूडचे खण, प्रत्येक खणात एक खुर्ची आणि एक पोरगं किंवा पोरगी. कुणी पोलीस भरतीचं, कुणी तलाठ्याचं, कुणी नर्सिंगचं. गंगापूरची, सिल्लोडची, खुलताबादकडची ही पोरं कॉट बेसिसवर कुठंतरी राहतात आणि दिवसभर इथं मान खाली घालून बसतात. उन्हाळ्यात परीक्षा तोंडावर आल्या की अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नसायची. बाहेर चपलांचा ढीग, आत पंख्यांची घरघर, आणि इतकी माणसं असूनही कुणाचाच आवाज नाही.

आता अभ्यास म्हणजे निम्मा मोबाइलवर. शिकवण्या तिथंच, सराव परीक्षा तिथंच. त्यामुळं अभ्यासिकेला पंखा आणि पाण्याइतकंच नेट लागतं. ते मी लावलं होतं. पैठण गेटजवळच्या एका दुकानातून दोन काड्यांचा काळा राउटर आणला, तो वरच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला, त्याची एक वायर झरोक्यातून खाली सोडली आणि खाली त्या वायरीवरून वाय-फाय पसरवणारी छोटी पेटी भिंतीला ठोकली. हे सगळं दुकानदाराला विचारून, व्हिडिओ बघून, मराठीची बाई असून मी स्वतः केलं. खालचे दिवे हिरवे लागले तेव्हा मला जो आनंद झाला तो पीएच.डी.च्या वेळीही झाला नव्हता. राहुल तेव्हा बेंगळुरूला होता. कंप्युटरमधला इंजिनियर तो, आणि वायर ओढली मी. ही गोष्ट मी त्या वर्षी भेटेल त्याला सांगत होते.

आमच्या आईला खोळी शिवायचा नाद होता. टीव्हीला खोळ, फ्रिजच्या मुठीला खोळ, शिलाई मशीनला तर झालर लावलेली खोळ. ती गेली त्यानंतर मिक्सर बिघडला आणि भंगारात गेला, पण त्याची खोळ राहिली. निळ्या फुलांची, आतून अस्तर, मध्ये जुन्या चादरीचा थर. राउटर आला तसा बाबांनी तो दोन दिवस उघडा बघितला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर ती खोळ चढवली. दोन काड्यांसाठी कात्रीनं दोन भोकंही पाडली. मी म्हटलं, "बाबा, ह्याला खोळ नसते." तर म्हणाले, "धूळ बसंल ना त्याच्यावर." आईच्या हातचा शिवणटाका बघून मी पुढं बोलले नाही.

झालं असं की पावसाळा, हिवाळा बरा गेला, पण चैत्र सरला तसा तो राउटर भर दुपारी बंद पडायला लागला. आधीच तापणारं यंत्र, वर अस्तराची जाड खोळ, त्यावर आमच्या मराठवाड्याचा मे महिना. माणसं बंद पडतात, तर राउटरचं काय. जेवणं आटोपून मी जरा पाठ टेकते न टेकते तोच फोन वाजायचा. हॅलो नाही, काय करतेस नाही. "सुजा, गेलं बघ." एवढंच. मी म्हणायचे, "आले."

मग स्कार्फ डोक्याला घट्ट गुंडाळायचा, स्कूटीच्या सीटवर ओलं फडकं फिरवायचं आणि गारखेड्यातून निघायचं. रस्ते मोकळे. टँकर गेलेल्या रस्त्यावर पाण्याची एक बारीक रेघ असायची आणि ती बघता बघता वाळायची. जालना रोडला सिग्नल लागला की सगळ्या दुचाक्या पुढची जागा सोडून उड्डाणपुलाच्या सावलीत मागंच थांबायच्या. कलिंगडवाला गाड्याखाली झोपलेला, त्याची कलिंगडं ओल्या गोणपाटाखाली झोपलेली. कडुनिंबाच्या फुलांचा कडवट गोड वास, गरम डांबराचा वास, आणि माझ्याच स्कार्फमधला माझ्या घामाचा वास. मिलिंद म्हणायचा, "अगं, फोनवर सांग की त्यांना, बंद करून चालू करा म्हणावं." मी त्याला म्हणायचे, "तुला नाही कळायचं." आणि खरंच त्याला कळलं नसतं.

वर गेलं की खोळ उचलायची. राउटर नुकत्याच इस्त्री केलेल्या कॉलरसारखा गरम असायचा. त्याची पिन काढायची आणि तो कूलरसमोर स्टुलावर ठेवायचा. तो थंड होईपर्यंत काही करता येत नसे. खालून आवाज यायचा, "सर, नेट!" बाबा जिन्यातून वाकून सांगायचे, "ताई करतीय, दम धरा जरा."

आणि मग आम्ही दोघं कूलरसमोर बसायचो. माझ्यासाठी उन्हाळा म्हणजे तेवढीच वेळ होती. बाबा माठातलं पाणी द्यायचे, खरबूज चिरायचे, वर साखर भुरभुरायचे. आणि बोलायचे. आमचे बाबा बोलणारे नव्हेत. शाळेत बोलून बोलून त्यांचं बोलणं संपलंय, असं आई म्हणायची. पण तो राउटर गार होईपर्यंत ते बोलायचे, कदाचित मी नुसती बसलेय हे त्यांना बरं वाटत नसावं म्हणून. एकदा त्यांनी गंगापूरच्या एसटी स्टँडची गोष्ट सांगितली. नवीन नोकरी, पहिलाच दिवस, पांढरा शर्ट. बस सुटली म्हणून उसाच्या ट्रॉलीवर बसून शाळेत गेले, आणि मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले तेव्हा शर्टाला उसाचं पाचट चिकटलेलं. "हेडमास्तर म्हणले, शिकवाया आलात का ऊस तोडाया? म्हणलं साहेब, बापजाद्यांनी तोडला, मी शिकवाया आलोय." हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला होता. मी ही गोष्ट तोवर कधी ऐकली नव्हती. आईलाही ती माहीत होती की नाही, कोण जाणे.

कूलरचा पंप मधूनच गुळगुळ करायचा. राउटर कधीच गार झालेला असायचा. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत नसू.

आता पासवर्डचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझ्या जळफळाटाचं खरं मूळ कळणार नाही. राउटर लावला त्या दिवशी मी बाबांना विचारलं होतं, पासवर्ड काय ठेवू? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, "राहुल ठेव." इंग्रजी अक्षरांत राहुल आणि पुढं बेंगळुरू. अभ्यासिकेच्या दारामागं त्यांनी तो आपल्या वळणदार मास्तरी अक्षरात लिहून चिकटवला. नवीन पोरगं आलं की आधी दारामागं बघणार आणि माझ्या भावाचं नाव टाइप करणार. वायर मी ओढली, पेटी मी ठोकली, बोटाला खिळा मी टोचून घेतला, आणि गंगापूर-सिल्लोडची पोरं जप करतात ती राहुलचा.

त्यात एक दिवस सिल्लोडची मुस्कान वर आली. नर्सिंगचा अभ्यास करायची, बारीक चणीची, बोलायला चटपटीत. मी राउटर हातात घेऊन कूलरसमोर उभी. म्हणाली, "ताई, नेटवाल्या तुम्हीच ना? सर म्हणले वर नेटवाली ताई आहे."

मी म्हटलं, "हो, मीच."

"एक पूछू? ये राहुल कौन है? रोज उनका नाव डालना पडता."

"सरांचा मुलगा. बेंगळुरूला असतो, मोठा इंजिनियर आहे."

"अच्छा! और तुम?"

"मी नेटवाली," मी म्हटलं.

ती हसली आणि खाली गेली. ती गेल्यावर मी बाबांना हसत हसतच विचारलं, म्हणजे हसण्याचा आव आणून विचारलं, की बाबा, माझं नाव का नाही ठेवलं? बाबा खरबुजाच्या बिया काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तू काय लांब गेलीस का, नाव लिहून ठेवाया?"

मला ते लागलं. जवळ राहणाऱ्याची काय किंमत, असं वाटलं. घरी जाताना जालना रोडच्या सिग्नलला मी सावलीत थांबलेच नाही, उन्हातच थांबले. स्वतःवर राग काढायची माझी ही जुनी रीत आहे.

गेल्या वर्षी जयंतीला राहुल आला. तो येणार म्हणून बाबांनी हॉलला रंग दिला. अभ्यासिकेतल्या पोरांना सांगून ठेवलं की राहुल दोन शब्द बोलेल. चौदा एप्रिलला सगळी कॉलनी निळी झालेली, गल्लीत मांडव, ढोल, पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, आणि त्या पांढऱ्या गर्दीत बाबा राहुलच्या खांद्यावर हात ठेवून भेटेल त्याला ओळख करून देत होते. "हा आमचा राहुल." मीही तिथंच होते, खिरीचे वाडगे वाटत. माझी ओळख करून द्यायची गरज नव्हती, मला सगळेच ओळखतात. पण हे तेव्हा नाही सुचत.

दुसऱ्या दिवशी राहुलनं बॅगेतून एक खोकं काढलं. आत तीन पांढरे डबे. मुठीएवढे, गुळगुळीत, एकाही डब्याला काडी नाही. मुख्य डबा अभ्यासिकेत, एक जिन्यात, एक हॉलमध्ये. तिघं मिळून एकच नेट घरभर पसरवतात म्हणे, कुठंही जा, तुटत नाही. टीव्हीशेजारचा काळा राउटर त्यानं उचलला. खोळ बघून थबकला. "हे काय घातलंय? ताई, ह्याला हवा लागते, माहितीय ना तुला? तापून मरतो ना तो." आणि दोन बोटांत धरून त्यानं ती खोळ सोफ्यावर टाकली. त्याला काय माहीत ती कसली खोळ आहे. आईच्या हातच्या गोष्टी त्यानं कधी निरखून बघितल्याच नाहीत. मी ती घडी करून पर्समध्ये घातली. तो मोबाइलवर काहीतरी दाबत होता. तीन डब्यांचे तीन गोल एकेक करून हिरवे झाले.

"बाबा, हे बघा. आता बेंगळुरूमध्ये बसून मला दिसणार, तिन्ही डबे चालू आहेत की नाही. काही झालं तर मी तिथूनच बंद करून चालू करीन." मग माझ्याकडं वळून अगदी प्रेमानं म्हणाला, "ताई, तुला आता सारखं उन्हातान्हाचं पळत यायला नको."

बाबा लहान पोरासारखे त्याच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बघत होते. "सुजा, बघ बघ, बेंगळुरूहून दिसतंय ह्याला!"

मी म्हटलं, "छानच झालं."

ते खरंच छान होतं, हेच तर दुखणं होतं. वाईट असतं तर मी चार लोकांत नावं ठेवली असती. पण नेट गच्चीपर्यंत पोचलं. सराव परीक्षा मध्येच तुटायची थांबली. मुस्कान मला जिन्यात भेटली तर म्हणाली, "राहुल भैयानं एकदम फर्स्ट क्लास करून दिलं, ताई." आणि माझा फोन दुपारचा वाजायचा थांबला.

तो सगळा मे महिना मी फोन उशाशी घेऊन पडायचे. कूलर चालू, पडदे ओढलेले, मिलिंद घोरतोय, आणि मी वाट बघतेय की माझ्या बापाच्या घरचं नेट जावं. किती वाईट इच्छा ही. तिथं पोरांच्या परीक्षा, त्यांच्या आयुष्याचा प्रश्न, आणि इथं ही मराठीची प्राध्यापिका मनात म्हणतेय, जाऊ दे, पाचच मिनिटं जाऊ दे. एकदा संध्याकाळी वळवाचं वादळ झालं. धुळीनं आभाळ लाल, पत्रे उडाले, लाइट गेली. मी खिडकीत उभी राहून विजा बघत होते आणि मला आशा वाटत होती. रात्री मीच फोन केला. "बाबा, नेट गेलं असेल ना?" बाबा म्हणाले, "गेलतं. लाइट आली तसं आपलं आपण आलं. लई हुशार हाय ते."

एकदा तर कहर झाला. रविवारी भेटायला म्हणून गेले. आत शिरताना चपला काढतेय तेवढ्यात राहुलचा मेसेज: 'ताई, तू बाबांकडं आलीस का? इथं हॉलच्या डब्यावर एक अनोळखी फोन दिसतोय.' मी दारात उभी राहून ते वाचलं. ज्या घराच्या झरोक्यातून मी हातानं वायर सोडली, त्या घरात मी शिरले की बेंगळुरूला अनोळखी म्हणून घंटा वाजते. मी उत्तर दिलं, 'हो, मीच ती.' त्यानं लगेच हसरा चेहरा पाठवला आणि म्हणाला, थांब, तुझं नाव टाकतो. टाकलं असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

रविवारच्या त्या भेटी वेगळ्याच होत्या. आधी मी सरळ आत जायचे, माठातून पाणी घ्यायचे. आता बाबा म्हणायचे, "बस की. चहा टाकू का?" पाहुण्यांसाठी काढतात ती कपबशी काढायचे. काम काढून आलेली लेक आणि भेटायला आलेली लेक यांत इतका फरक असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि नेमका तेव्हाच राहुलचा व्हिडिओ कॉल यायचा. नेट इतकं स्वच्छ की त्याच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता यावं. बाबा मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायचे आणि खुर्ची पुढं ओढून बसायचे. मी शेजारी बसून आंबे पिळायचे.

एकदा मी आत वाट्या धूत होते आणि बाहेर बाबांचा आवाज आला, "...म्हणलं साहेब, बापजाद्यांनी तोडला, मी शिकवाया आलोय." राहुल मोबाइलमधून खदखदून हसला. म्हणाला, "बाबा, हे कधी सांगितलं नव्हतं तुम्ही!" माझे हात पाण्यातच थांबले. ती गोष्ट माझी होती. ऊन तुडवत, स्कार्फ भिजवत जाऊन मी ती मिळवली होती, आणि ह्याला ती बसल्या जागी, गार खोलीत, तांब्याला टेकलेल्या मोबाइलमधून मिळाली. मला रडू आलं. मी नळ मोठा केला.

आमच्या घरात एक चाल आहे. कुणी कुणाला उगाच 'ये' म्हणत नाही. आजोळी, काकांकडं, सगळीकडं तेच. कामाला बोलावतात, कार्याला बोलावतात, आजारपणात बोलावतात. नुसतं 'ये, बरेच दिवस झाले' असं म्हटलं की समोरच्याला वाटतं, काहीतरी झालंय. आई ऑपरेशनच्या आधी मला म्हणाली होती, "ये जरा," तेव्हाच मला धस्स झालं होतं. त्यामुळं बाबांचे फोन वर्षभर आले, तब्येत विचारून झाली, मिलिंदची चौकशी झाली, पण त्यात 'ये' नव्हतं. यायला काही निमित्तच उरलं नव्हतं. राहुलनं निमित्त दुरुस्त करून टाकलं होतं. मला राउटर नको होता, खरबूज नको होतं, पासवर्डही नको होता. मला बापानं बोलवायला हवं होतं, आणि कारण असल्याशिवाय तो बोलवणार नव्हता.

असं वर्ष गेलं. परवा कूलर उतरवला तो असा, सगळं मनात घेऊन.

आणि काल दुपारी फोन वाजला.

"सुजा, गेलं बघ."

मी उठून बसले. म्हटलं, "काय गेलं?"

"नेट गं. दुसरं काय जायचंय."

"आले," मी म्हटलं. स्कार्फ सापडेना. मिलिंदची टोपी घातली आणि निघाले. कॉलेजातल्या कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं, हा विचार मला हडकोत पोचल्यावर सुचला. ऊन असं होतं की हँडलला हात लावला तर चटका बसावा. पण मला सांगायला लाज नाही वाटत, मी सिग्नलला गुणगुणत होते. तीन पांढरे डबे, बेंगळुरूहून दिसतात, आपलं आपण येतं, आणि शेवटी गेलंच की नाही! राहुलच्या त्या हुशार डब्यांची मला मनापासून गंमत वाटत होती.

खाली अभ्यासिकेत डोकावले. पोरं मोबाइलमध्ये माना घालून बसली होती. कुणी 'नेट' म्हणून ओरडत नव्हतं. त्यांचा डबा हिरवाच होता. मला नवल वाटलं. जिना चढायला लागले तर वरून राहुलचा आवाज आला. दार सताड उघडं होतं आणि बाबांनी मोबाइल स्पीकरवर ठेवला होता. त्यांना हल्ली तसंच ऐकू येतं.

"बाबा, मला आत्ता इथं दाखवतंय, हॉलचा डबा बंद आहे. बाकीचे दोन्ही चालू आहेत. त्याची पिन निघालीय का, तेवढं बघा ना."

"निघालीय."

"मग लावा की. मागच्या बाजूला आहे बघा, गोल पिन."

"माहितंय मला. मीच काढलीय."

"तुम्ही काढलीत? कशाला?"

कूलरची घरघर ऐकू येत होती. बाबा म्हणाले, "असंच."

"असंच कसं बाबा? काही स्पार्क वगैरे झालं का? मला नीट सांगा, मी इथून बघतो."

"तू नको बघू. ठेव तू फोन. सुजा येतीय."

मी जिन्यातच थांबले. कठड्याला हात लावला तर तो तापलेला होता, तरी मी हात काढला नाही. अशा वेळी मोठ्या बहिणीला भरून यावं, भावाची दया यावी, असं म्हणतात. मला आधी आनंदच झाला, आणि तो चांगला सणसणीत आनंद होता. माझ्या बापानं माझ्यासाठी पिन काढली होती. तीन डबे लावून, बेंगळुरूहून बघून, हे राहुलला मिळालं नव्हतं. ते शब्द पुन्हा ऐकायला मिळावेत म्हणून मी आणखी एक पायरीही चढले नाही.

पण बाबा पुन्हा काही बोलले नाहीत. पलीकडून राहुलही काही बोलेना. त्यानं फोन ठेवलाही नाही. नेट गेलं नव्हतं, फोन चालू होता, त्याच्या ऑफिसातला कसलासा बारीक आवाजही येत होता. तो फक्त गप्प बसला होता. तसं गप्प बसणं मी गेला सगळा उन्हाळा बसले होते, ह्याच घरात, आंबे पिळत.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बरं. आली की सांगा."

मी आत गेले. बाबांनी माझ्याकडं बघितलं, टोपीकडं बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "घे, बोल त्याच्याशी. ऐकतच नाय," असं म्हणून ते खरबूज आणायला आत गेले.

"ताई, पोचलीस?" राहुलनं विचारलं. "ऊन लई असंल ना?"

इंजिनियर झाल्यापासून तो 'लई' म्हणत नाही. काल म्हणाला.

"हो, लई आहे."

"मग... काय करता तुम्ही दोघं?"

"काही नाही. बसतो नुसते."

आता माझ्या तोंडात एक शब्द येऊन थांबला होता. राहुल, ये की चार दिवस. काम काढू नको, डबे आणू नको, नुसता ये. एवढंच म्हणायचं होतं. आमच्या घरात कुणी म्हणत नाही ते मी म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी विमानात बसला असता, हे मला पक्कं माहीत होतं.

आतून सुरीचा आणि परातीचा आवाज आला. बाबा स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते, गोष्ट सुरू करायच्या आधी करतात तसं.

"ठेवते मी," मी राहुलला म्हटलं, आणि ठेवला. त्याला 'ये' म्हणणार आहे मी. उद्या नक्की म्हणेन. काल मात्र मला ती दुपार कुणाला द्यायची नव्हती.